कार्बनची किंमत कशी लावावी? कॅनडातल्या चार प्रांतांची तुलना

प्रांतिक सरकारला कार्बनवर किंमत लावायची असेल, म्हणजे प्रदूषण करणाऱ्यांकडून उत्सर्जनाचे पैसे घ्यायचे असतील, तर आधी पाहावं उत्सर्जन कुठून होतं. ब्रिटिश कोलंबिया आणि क्वेबेकची बहुतेक वीज पाण्यावरची. अल्बर्टात तेल-वायू उद्योग आणि २०२४ पर्यंत कोळशावरची वीजही. म्हणून एकाचा साचा दुसऱ्याला बसत नाही.

उभारायला सगळ्यात सोपा ब्रिटिश कोलंबियाचा कर. जुलै २००८ मध्ये उत्सर्जनाच्या टनाला १० डॉलर (इथले सगळे डॉलर कॅनडाचे), मग दरवर्षी ५ डॉलरची वाढ, २०१२ ला ३०. वसुली इंधनकरासारखीच, घाऊक पातळीवर. नवं सरकारी खातं उघडावं लागलं नाही. जमा पैसा आयकर आणि कंपनीकर कमी करून परत दिला. पण ही सवलत पगाराच्या हिशेबात विरून जाते आणि कर पंपावर रोज दिसतो. २०१७ मध्ये परताव्याचं बंधनही काढलं. दर ८० डॉलरवर पोचला आणि एप्रिल २०२५ मध्ये ग्राहकांवरचा कर रद्द झाला.

क्वेबेकने २०१३ पासून एकूण उत्सर्जनावरच मर्यादा घातली. वर्षाला २५,००० टन किंवा अधिक सोडणारे कारखाने आणि २०१५ पासून इंधन वितरकही उत्सर्जनाचे परवाने घेतात; लिलावात किमान दर ठरलेला असतो. २०१४ पासून बाजार कॅलिफोर्नियाशी जोडलेला आहे. याला मोजणी, पडताळणी आणि नोंदवही पक्की लागते. जोडणीची जोखीमही लक्षात घ्या: ओंटारियो जानेवारी २०१८ मध्ये सामील झाला, सरकार बदलताच त्याच वर्षी बाहेर पडला, आणि भागीदारांनी तिथल्या खात्यांशी परवान्यांचे व्यवहार तातडीने थांबवले.

अल्बर्टा २००७ पासून मोठ्या कारखान्यांना उत्पादनाच्या एककामागे किती उत्सर्जन, यावर मोजतो. ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी सोडणाऱ्याला क्रेडिट मिळतं; जास्त सोडणारा ती विकत घेतो किंवा सरकारी दराने पैसे भरतो. उद्योग प्रांत सोडून जात नाहीत, हा फायदा खरा. मात्र उत्पादन वाढलं की एकूण उत्सर्जनही वाढू शकतं, आणि क्रेडिट जास्त झाली की त्यांचा बाजारभाव सरकारी दराच्या बराच खाली जातो. कागदावरचा दर मग कोणी भरत नाही.

अक्षय ऊर्जेत मात्र अल्बर्टाचाच धडा घ्यावा. २०१७ च्या लिलावात पवन ऊर्जा सरासरी ३.७ सेंट प्रति युनिटला मिळाली. करार २० वर्षांचा: बाजारभाव हमी दरापेक्षा कमी असेल तर फरक सरकार देतं, जास्त असेल तर कंपनी परत करते. ओंटारियोने २००९ मध्ये दर स्वतःच ठरवले, छोट्या छतावरच्या सौर विजेला ८०.२ सेंट. पवन आणि छोट्या सौरची थेट बरोबरी अन्यायाची, तरी सौर पॅनेलच्या किमती झपाट्याने उतरत असताना २० वर्षांचा स्थिर दर महागच पडतो. प्रकल्पात स्थानिक माल वापरण्याची ओंटारियोची अटही २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत टिकली नाही.

आमचा कौल: मोजणीची यंत्रणा तयार असेल तर क्वेबेकची मर्यादा, नसेल तर कर, पण परतावा थेट बँक खात्यात आणि तो कार्बन कराचा परतावा आहे असं स्पष्ट नाव देऊन. विजेसाठी लिलाव. जमीन आणि ग्रीड जोडणीचे नियम मात्र लिलावाआधीच ठरवा. अल्बर्टाने ते मागाहून ठरवायला घेतले, आणि ऑगस्ट २०२३ पासून सात महिने नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या अडकून पडल्या.