दादरचा डॅनिश वर्ग: अनिश्चित सर्वनामांसाठी तरी नक्की जा

दादर पश्चिमेला, कबुतरखान्यामागच्या गल्लीत रविवारी सकाळी डॅनिशचा वर्ग भरतो. पावसाळ्यापासून मी जाते आहे. मुलगा-सून डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला असतात, नात तिथल्या बालवाडीत जाते आणि फोनवर निम्मं डॅनिशच बोलते. मी निवृत्तीपर्यंत शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे समोरचा व्याकरण कसं शिकवतो याकडे माझं बारीक लक्ष असतं.

बाईंची खरी तयारी दिसली ती अनिश्चित सर्वनामांच्या, म्हणजे 'कुणी', 'काही' अशा शब्दांच्या धड्यात. 'नोगेन', 'नोगेट', 'नोगले' असा तक्ता देऊन त्या मोकळ्या झाल्या नाहीत. आधी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'एर देर नोगेन येमे?', म्हणजे घरी कुणी आहे का? मग 'याय हार नोगले ब्योअर', माझ्याकडे काही पुस्तकं आहेत. नाम अनेकवचनी आणि वाक्य होकारार्थी, म्हणून 'नोगले'. तेच वाक्य प्रश्नार्थक किंवा नकारार्थी केलं की 'नोगेन'. रोजच्या बोलण्यात दोन्हींचा उच्चार सारखाच, त्यामुळे लिहिताना खुद्द डॅनिश माणसंही इथे अडखळतात. म्हणून बाई हा भाग नुसता म्हणून घेत नाहीत, प्रत्येकाकडून वहीत लिहून घेतात. फार योग्य करतात.

'नोगेट'साठी त्यांनी दूध घेतलं. 'मेल्क' हे नाम नपुंसकलिंगी नाही, तरी 'नोगेट मेल्क', म्हणजे थोडं दूध, असं म्हणतात, कारण दूध एक-दोन-तीन असं मोजत नाहीत. आधी घेतलेल्या महागड्या ऑनलाइन कोर्समध्ये हे कुणी सांगितलंच नव्हतं, नुसतं लिंग पाठ करायला लावलं होतं.

'इंगेन'ला, म्हणजे 'कुणीच नाही' या अर्थाच्या शब्दाला, अख्खा तास दिला, आणि द्यायलाच हवा. 'याय हार इंगेन पेंगे', माझ्याकडे पैसे नाहीत, हे सरळ आहे. पण सहायक क्रियापद आलं की रचना बदलते: मी कुणाला पाहिलं नाही, 'याय हार इके सेट नोगेन'. तिथे शेवटी 'इंगेन' ठेवून चालत नाही. बाईंनी अशी वाक्यं एकेकाला उभं करून फिरवायला लावली. 'मान', म्हणजे 'कुणीही, माणूस' अशा सर्वसाधारण अर्थाचं सर्वनाम, मात्र झटपट उरकलं: ते फक्त कर्ता म्हणून येतं, कर्म असेल तर 'एन', षष्ठीला 'एन्स'.

उणं म्हणाल तर ऐकण्याचा सराव कमी आहे. डॅनिशमधला मऊ 'द' आपल्या कानाला 'ल'सारखा लागतो, त्याला आठवड्यातून एक वेगळा तास हवा. नोट्सची झेरॉक्सही फिकट असते, चष्मा लावूनही वाचताना त्रास होतो.

मेगाब्लॉकमुळे उशीर झाला तर बाई वर्ग संपल्यावर थांबून राहिलेला भाग समजावतात. डेन्मार्कमधल्या कायम वास्तव्यासाठी 'प्रोवे इ डान्स्क २' ही डॅनिशची परीक्षा द्यायची असलेली दोन मुलं वर्गात आहेत, त्यांचं लेखन त्या वेगळं तपासून देतात. अगदी नवख्यांनी मात्र आधी क्रियापदांची बॅच करावी, नाहीतर 'इंगेन'चा तास डोक्यावरून जाईल.