माझाच कन्व्हर्टर रंगवून मलाच विकला : ४,६१० डॉलर ३८ सेंट

लिहू की नको यात दोन महिने गेले. कारण मी मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा गोल डबा. तिसऱ्या वर्षाला त्याची आकृती काढून आठपैकी सात मार्क मिळवलेत, आतले पंप, टर्बाइन, स्टेटर तीन रंगांच्या पेन्सिलींनी. आणि त्याच वस्तूत मला डॅलसजवळच्या एका ट्यूनिंग शॉपने हातोहात बनवलं. घरच्यांना अजून पूर्ण रक्कम सांगितलेली नाही.

गाडी २००२ची कॅमारो एसएस, एलएस-वन इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक. इकडे आल्यापासूनचं वेड. मी जुन्नरकडचा, लहानपण बैलगाडा शर्यतींच्या घाटात गेलं. तिथे बारी किती सेकंदांत झाली एवढंच विचारतात, बैल किती देखणे ते कोणी विचारत नाही. एनिसच्या टेक्सास मोटरप्लेक्सवर पहिल्यांदा गेलो तेव्हा घाटातच आल्यासारखं वाटलं. बिली मेयर या ड्रॅग रेसरने १९८६ साली बांधलेली, गाडी सरळ रेषेत सुसाट सोडून वेळ मोजायची पट्टी, पाव मैल, सगळी काँक्रीटची. नोव्हेंबरात तिथे माझी वेळ आली १३.७२ सेकंद, शेवटचा वेग ताशी १०५.६ मैल, पहिले साठ फूट २.०८ सेकंदांत. हे आकडे लक्षात ठेवा.

साठ फुटांना २.०८ म्हणजे गाडी जागेवरून उठतच नाही. कारण कंपनीचा कन्व्हर्टर घट्ट असतो, इंजिन ताकदीच्या आरपीएमला पोचायच्या आत गाडीला जुंपतो. गाडी ब्रेकवर धरून इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढतं तो कन्व्हर्टरचा स्टॉल. सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर टाकला की इंजिन आधी वर चढतं, मग गाडी सुटते. शॉपवाल्याने नेमकं हेच सांगितलं, आणि ते खरं होतं. फसवणारा माणूस नव्वद टक्के खरंच बोलतो हो.

बिल असं : ३,६०० आरपीएम स्टॉलचा साडेनऊ इंची कन्व्हर्टर १,१५०, बसवणावळ ९००, गिअरबॉक्सचा कूलर २२०, हेडर्स, म्हणजे इंजिनाचा धूर मोकळा बाहेर काढणाऱ्या नळ्या, १,१८०, ट्यून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची जुळवणी, ६५०, डायनो, म्हणजे गाडी रोलरवर चढवून ताकद मोजणं, आधी-नंतर मिळून ३००. सुट्या भागांवर सव्वाआठ टक्के टॅक्स, २१० डॉलर ३८ सेंट. एकूण ४,६१० डॉलर ३८ सेंट. त्यातले २,००० ॲडव्हान्स म्हणून फोनवरून थेट त्याच्या खात्यात टाकले, कारण तो म्हणाला ‘कार्डाचे तीन टक्के वाचतील’. साठ डॉलर वाचवायला दोन हजार घालवले. हे वाक्य मी आरशासमोर उभा राहून स्वतःला ऐकवलंय. ॲडव्हान्स कार्डानेच द्या, तीन टक्के गेले खड्ड्यात.

फेब्रुवारीत काम झालं. डायनोच्या रोलरवर आधी २७१ एचपी, नंतर ३०९. अडतीस वाढले! कागद दोन्ही रंगीत, प्लास्टिकच्या पाकिटात. मी फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला.

आता तो क्षण, जो मला अजून रात्री झोपू देत नाही. दुसऱ्या वेळी मी काचेच्या पलीकडे उभा होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, त्याने पाय दाबला, आणि काटा वर जायच्या आधी एकदा खाली बसला. दोन-अडीचशे आरपीएम, खटकन. पहिल्या वेळी असं झालं नव्हतं. मी विचारलं, काटा का पडला? तो म्हणाला, ‘ट्यून जुळवून घेतेय.’ आणि मी मान डोलावली. मान डोलावली! काटा पडला कारण त्याने कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच लावला होता. लॉक झाला की तेलातली घसरण संपते आणि त्या घसरणीत उष्णता होऊन जाणारी ताकद रोलरवर येते. पहिली चाचणी उघड्या कन्व्हर्टरवर, दुसरी लॉक करून. म्हणजे आधी माझं वजन पाठीवर दप्तर ठेवून केलं, नंतर दप्तर काढून, आणि बारीक झालास म्हणून पैसे घेतले.

कागदाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत पहिल्यावर ‘एसएई’ आणि दुसऱ्यावर ‘एसटीडी’ होतं. हवेची दुरुस्ती करायच्या या दोन वेगळ्या पद्धती. एसटीडी थंड, दाट हवा धरते, त्यामुळे तीच गाडी साधारण चार टक्के जास्त दाखवते. चार टक्के म्हणजे अकरा एचपी, नुसत्या एका बटणावर. कोपरा आधी वाचा, आलेख नंतर. शिवाय पहिल्या वेळी तापल्या इंजिनावर लागोपाठ तीन फेऱ्या मारल्या होत्या, दुसऱ्या वेळी तासभर पंखा लावून ठेवला होता. तेव्हा वाटलं, किती काळजी घेतो माणूस.

तुम्ही म्हणाल, चालवताना कळलं नाही? कळायला हवं होतं. सैल कन्व्हर्टरची गाडी सिग्नलवरून निघताना आधी घुमते, मग हलते. माझी होती तशीच हलली. बायको शेजारी होती. म्हणाली, ‘आवाज वाढला, बाकी काय बदललं?’ मी तिला पाच मिनिटं स्टेटर समजावून सांगितला. आता ती ‘स्टेटर’ हा शब्द घरात कशालाही वापरते.

माझी बाजूही ऐका. त्या महिन्यात ऑफिसात रिलीज होता, आठवड्याला साठ तास. दुकान नीटनेटकं, भिंतीवर ट्रॉफ्या, दोन ओळखीची माणसं तिथूनच ट्यून करून आलेली. आणि गिअरबॉक्सच्या आत काय बसवलं ते गाडीखाली झोपूनही दिसत नाही. याच भरवशावर हा धंदा चालतो. कन्व्हर्टर बसवणार असाल तर खोक्यातला नवीन तुमच्यासमोर उघडायला लावा, त्यावरच्या नंबराचा फोटो काढा, आणि काढलेला जुना घरी घेऊन या. जुना मागितलाच नाही मी. तो देणार तरी कुठून होता म्हणा.

मार्चच्या गार संध्याकाळी पुन्हा एनिस. १३.६३. वेग १०६.७. साठ फूट २.०७. शतांश सेकंदाचा फरक! शेवटचा वेग खोटं बोलत नाही. पौंडांतलं वजन घ्या, वेगाला २३४ने भागून घन करा, गुणा. माझ्यासकट गाडी ३,६५० पौंड : आधी ३३५ एचपी, आता ३४६. हा इंजिनाकडचा ठोकताळा आहे, रोलरचा आकडा नव्हे, पण वाढ कळायला पुरतो. अडतीस कुठे आणि अकरा कुठे. शॉपवाला म्हणाला, ‘तुला गाडी सोडता येत नाही.’ अरे, सुटताना चाक घसरलं तर वेळ जातो, शेवटचा वेग फारसा जात नाही! आणि हवा तर नोव्हेंबरसारखीच होती, त्यामुळे ‘गरमी’ हे कारण त्याला देताच आलं नाही.

दुसऱ्या मेकॅनिककडे ४५० डॉलर देऊन गिअरबॉक्स उतरवला. आतून निघाला काळाकुळकुळीत, चकचकीत कन्व्हर्टर. मेकॅनिकने खिशातून किल्ली काढली आणि कडेला खरवडलं. रंगाचं पापुद्र्यासारखं साल निघालं, खाली बावीस वर्षांचा तांबूस गंज आणि कंपनीच्या स्टिकरचा अर्धा कोपरा. टेप लावली, पावणेबारा इंच. साडेनऊ नव्हे. माझाच कन्व्हर्टर खाली उतरवून, स्प्रे मारून परत चढवला होता. तेवढे कष्ट घेतले, ते मान्य. हेडर्स तेवढे खरे निघाले.

मग सुरू झाली दारोदारची फेरी. बँक म्हणाली, दोन हजार तुम्ही स्वतः पाठवलेत, आमचा संबंध नाही. कार्डवाल्यांनी २,६१० डॉलर ३८ सेंटची तक्रार घेतली, सात आठवडे ठेवली, आणि शॉपने पुरावा म्हणून तोच डायनोचा कागद पाठवल्यावर ‘काम समाधानकारक झाल्याचे दिसते’ म्हणून बंद केली. चोरानेच पंचनामा लिहायचा! मी रंग खरवडलेले फोटो पाठवले, तर ते ‘मुदतीनंतर आलेले’. पोलीस ठाण्यात टेबलावरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, गाडी चालते ना? मग हे दिवाणी प्रकरण. राज्याच्या ग्राहक विभागाने छापील पत्र धाडलं, आम्ही एकेका व्यक्तीची बाजू घेत नाही. मग कोणाची घेता? टोळीने फसलो की येऊ का? तक्रारीच्या फॉर्मवर तर मोटारीखाली एकच चौकट होती, ‘मीटरमध्ये फेरफार’. मी तीच भरली, दुसरं काय करू.

टेक्सासच्या जस्टिस कोर्टात वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, फी ५४ डॉलर. पण ग्राहक कायद्याखाली आधी साठ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे मला कोणत्याही खिडकीवर कोणी सांगितलं नाही, स्वतः वाचून काढलं. पहिल्याच दिवशी नोटीस धाडली असती तर आत्तापर्यंत तारीख पडली असती.

दरम्यान मेकॅनिकने जुन्याच कन्व्हर्टरवर, उघडा ठेवून, एसएईवर मोजलं होतं, २८१. मग मी १,०९० डॉलरचा खरा सैल कन्व्हर्टर घेतला, खोकं स्वतः फोडलं. त्याच डायनोवर आकडा आला २७३. आठ कमी. आणि एनिसला वेळ आली १३.२४, साठ फूट १.८५, शेवटचा वेग १०६.५. सैल कन्व्हर्टर रोलरवर कमी दाखवतो आणि पट्टीवर लवकर पोचवतो, कारण त्याची कमाई सगळी सुटण्यात असते. नुसत्या सैल कन्व्हर्टरवर डायनोचा आकडा उड्या मारत वाढलेला कोणी दाखवला तर पाकीट खिशातच ठेवा. हे मला फेब्रुवारीत त्या काचेपाशी सुचायला हवं होतं.

नोटिशीचा आज एकेचाळिसावा दिवस. जुना कन्व्हर्टर गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनशेजारी पडलाय, पुरावा म्हणून. परवा बायकोने त्यावर साबणाचा डबा ठेवला होता. मी उचलून बाजूला ठेवला, कारण ओल लागली तर उरलेला रंगही निघेल.