माथेरान एका दिवसात, लोकलनं: 7 खेपा झाल्यावर लिहितेय

ऑक्टोबरपासून आत्ता जूनपर्यंत डोंबिवलीहून सात वेळा सकाळी माथेरानला जाऊन संध्याकाळी घरी परत आलेय. एकदाही मुक्काम केला नाही. वर गाड्यांना बंदी आहे, दस्तुरी नाक्याला सगळ्यांना उतरावं लागतं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीच असतं त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते दस्तुरी ते माथेरान बाजार या अडीच-तीन किलोमीटरबद्दल. एका दिवसाच्या ट्रिपचं भलंबुरं सगळं तिथंच ठरतं, बाकी कशानं फारसा फरक पडत नाही, हे माझं आता पक्कं मत झालंय. आणि हे मत फेब्रुवारीत आईमुळे झालं म्हणून लिहायला बसले.

आधी खालचं पटकन सांगते. डोंबिवलीहून सहाच्या आसपासची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची. रविवारी त्या वेळेला बसायला मिळतं. उजवीकडची खिडकी धरा, कारण बदलापूर सुटलं की डोंगर सगळे त्याच बाजूला येतात, चंदेरीचा सुळका दिसतो, मग वांगणी-शेलूपर्यंत तीच रांग माथेरानकडे सरकत जाते. सातव्या वेळेलाही मी मोबाईल पर्समध्येच ठेवला होता. तिकिटाचं म्हणाल तर घरून स्टेशनला यायला रिक्षाला जेवढे जातात तेवढ्यात लोकलनं जाऊन-येऊन होतं. नेरळला उतरलं की बाहेर शेअर टॅक्सी, मी माणशी 100 दिले, वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरी. एकदा एका टॅक्सीवाल्यानं घाटात अर्ध्यात गाडी थांबवून "सामानाचे वेगळे" म्हणून पैसे मागितले, आमच्याकडे सामान म्हणजे एक डब्याची पिशवी! मी उतरते म्हटल्यावर गप्प बसला. तेव्हापासून बसायच्या आधीच सगळं बोलून घेते. दस्तुरीला प्रवासी कर मोठ्या माणसाला 50.

आता ते तीन किलोमीटर.

तिथून पुढे जायला चार गोष्टी आहेत. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून टॉयट्रेनची शटल, घोडा, ई-रिक्षा मिळाली तर, नाहीतर पाय. पहिल्या खेपेला आम्ही शटलच धरायची असं घरूनच ठरवून गेलो होतो, मी, नवरा आणि मुलगा. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार. तिकिटाची रांग बघूनच मला कळायला हवं होतं पण उभे राहिलो, एक शटल गेली, दुसरी गेली, तिसरीत जागा मिळाली. शटलचा प्रवास वीस मिनिटांचा आणि त्यासाठी आम्ही दीड तास उभे! परत यायच्या रांगेचा अंदाज आल्यामुळे वरून लवकर निघालो. मुलाला एको पॉइंट दाखवायचा राहिला. घरी येऊन मी सगळ्यांना सांगत सुटले की माथेरान एका दिवसात होत नाही, पैसे आणि दिवस वाया.

हे मत चुकीचं होतं. पण ते कळायला चार महिने लागले.

त्या पहिल्या खेपेत मला पाण्याच्या बाटलीच्या भावाचाही राग आला होता. चहाचा पण. खाली नेरळला काय भाव आणि वर काय भाव! दुसऱ्या खेपेला नोव्हेंबरात मैत्रिणीबरोबर गेले तेव्हा चढावर एक माणूस हातगाडी ओढत होता, गाडीवर बाटल्यांचे खोके आणि कांद्याची पोती, मागून दोघं रेटत होते, त्यातल्या एकाच्या पायात साधी स्लिपर. आम्ही बाजूला झालो. त्याच्या मागून एक घोडा गेला, दोन्ही अंगांना गॅस सिलेंडर बांधलेले. वर जे काही खातोपितो ते सगळं याच रस्त्यानं असंच येतं. त्या दिवसापासून मी वर भावाची घासाघीस करत नाही. पाणी घरून दोन लिटर नेते, त्यात काटकसर करते, पण चहा वरचाच पिते आणि सांगतील तेवढे देते.

डिसेंबरात मुलाच्या हट्टानं नेरळहून वरपर्यंतची टॉयट्रेन केली. तिकीट खिडकीवर रांग लावून मिळालं, त्यासाठी अगदी पहिल्यापैकी लोकल पकडली होती. याबद्दल स्पष्ट सांगते. टॅक्सी जिथे पंचवीस मिनिटांत जाते तिथे ही गाडी वर पोचायला अडीच तासांच्या वर घेते, साधारण 21 किलोमीटर. जाताना-येताना दोन्हीकडे तीच धरली तर माथेरानात जेवून परत फिरायचं एवढंच हातात राहतं. एका दिवसाच्या माणसानं ती एकाच बाजूला करावी. पण एकदा करावीच. गाडी वळणावळणानं चढते, आता दरी उजवीकडे होती म्हणता म्हणता डावीकडे येते, त्यामुळे खिडकीवरून भांडायचं कारणच नाही. चढ काही ठिकाणी 20 फुटांना एक फूट इतका आहे. जुम्मापट्टीला थांबते, वॉटर पाइपला थांबते, वाटेत एकुलता एक बोगदा येतो आणि डब्यातली सगळी पोरं एकदम ओरडतात. पुढे रुळाजवळच कड्यावरचा गणपती दिसतो.

ही लाइन 1907 ची. मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यानं ती उभी केली. गोष्ट अशी सांगतात की आदमजी एकदा नेरळला आले तर वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी, सगळं आधीच ठरलेलं, परत फिरावं लागलं, आणि तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं की पुन्हा येईन तो स्वतःच्या रेल्वेनं. दंतकथा असेल थोडीफार, पण अमन लॉजच्या रांगेत दीड तास काढलेल्या माणसाला ती अगदी पटते.

मग फेब्रुवारी. आई एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, जिना एक-एक पायरी करत उतरते. तिला माथेरान परत बघायचं होतं, लग्नानंतर बाबांबरोबर आली होती त्यानंतर नाहीच. मी पूर्ण तयारी केली होती, शनिवार टाळून मंगळवारी सुट्टी काढली, जाताना शटल दहा मिनिटांत मिळाली, बाजारात उतरलो, शार्लोट तलावापर्यंत हळूहळू गेलो, पिसारनाथाचं दर्शन झालं, तिथल्या कट्ट्यावर बसून घरचे पराठे खाल्ले. माकडं समोरच होती, डबा मी पदराखाली धरला होता. सगळं मजेत. परत येताना स्टेशनवर पोचलो तर शटल नुकतीच सुटलेली आणि पुढच्या गाडीला बराच वेळ होता. ई-रिक्षा त्या वेळेला नव्हती. घोड्यावर आई बसणं शक्य नाही. एक हातरिक्षावाले काका आले, चांगले बोलत होते, "आजींना अलगद नेतो" म्हणाले. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "नको गं. त्यांचं वय बघ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील फार तर. त्यांनी ओढायचं आणि मी बसायचं? मी चालते." मी म्हटलं, "आई, तीन किलोमीटर आहे." तर म्हणे, "मग बसत बसत जाऊ."

ई-रिक्षा 2022 च्या डिसेंबरपासून तिथे सुरू झाल्यात आणि हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सुप्रीम कोर्टानं 2025 च्या ऑगस्टमध्ये सांगितलंय. हे मला तेव्हा माहीत होतं पण समोर माणूस उभा असताना नुसत्या माहितीचा काय उपयोग. आईनं त्यांना चहाचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत, उलट सांगितलं की घोड्यांच्या मोठ्या रस्त्यानं जाऊ नका, रुळाच्या कडेच्या वाटेनं जा, सपाट आहे आणि सावली आहे.

त्या एका वाक्यानं माझी पुढची सगळी माथेरानं बदलली. मोठा रस्ता म्हणजे लाल माती, घोड्यांची लीद, मधे मधे चढउतार, काही भागात बसवलेले ते क्ले पेव्हर ब्लॉक. आणि रुळाची वाट तशी नाहीच, कारण गाडीला चढ झेपावा म्हणून लाइन हळूहळू वळवत नेलेली, त्यामुळे गुडघ्यालाही तो चढ झेपतो! हे इतकं साधं आहे आणि आधीच्या तीन खेपांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन्हीकडे झाडी, जांभूळ, अंजनी, डोक्यावर जवळपास सतत सावली. दुपारचे तीन वाजले होते आणि आईला घाम नव्हता. एका ठिकाणी वाट रूळ ओलांडते तिथे ती थांबली आणि मला वीत टाकून दोन रुळांमधलं अंतर मोजायला लावलं. पावणेतीन विती भरले. "एवढ्याशा रुळांवर बाबांनी मला बसवून आणलं होतं," म्हणाली आणि हसत सुटली. मागून शिट्टी आली, आम्ही बाजूच्या दगडावर टेकलो, तीच शटल जिच्यासाठी थांबणार होतो ती भरून आमच्या समोरून गेली, खिडकीतल्या एका पोरानं आईला हात केला, आईनं पण केला. सगळं मिळून सव्वा तास लागला, चार वेळा बसलो. गाडी आमच्या आधी पोचली, पण मला घाई राहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचे गुडघे दुखले का, तर हो, दुखले. शेक घेतला. पण जिना उतरताना नेहमी दुखतात तसेच, त्याहून जास्त नाही, असं तिचंच म्हणणं.

तेव्हापासून मी शटलचं वेळापत्रक बघते पण त्यावर दिवस बांधत नाही. एकटीनं नेहमीच्या चालीनं पाऊण तास लागतो. सुट्टीच्या दिवशी रांगेपेक्षा चालणारा माणूस आधी पोचतो, हे मी मार्चमध्ये घड्याळ लावून बघितलं. नवरा रांगेत, मी पायी, मी बाजारात चहा संपवून बसले होते तेव्हा तो उतरला. एकच सांभाळा, रुळांमधून चालायचं नाही, वाट कडेनं आहे, आणि कानात इयरफोन घालू नका. पिशवी चेनची आणि कापडी हवी, प्लास्टिकचा आवाज झाला की माकडं धावतात. पांढरे बूट घालून जाऊ नका, लाल माती दोन धुण्यांतही जात नाही.

खर्चाचं सांगायचं तर लोकल, टॅक्सी, कर, एका बाजूचं शटल, वर चहा-भजी आणि घरचा डबा धरून माणशी पाचशेच्या आत बसतं. मुक्काम करणाऱ्यांना जास्त मजा येत असेल, सूर्यास्त मिळत असेल, मला तो सात खेपांत एकदाच मिळाला. मला ते चालतं. पॉइंट मी एका वेळेला दोनच करते, एकदा शार्लोट तलावाबरोबर लुईझा-एको, एकदा पॅनोरमा, गार्बट अजून राहिलाय.

मे महिन्यात गेले तेव्हा वाटेत बायका पानाच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसल्या होत्या, दोन द्रोण घेतले, एक तिथंच संपला. उन्हाचं म्हणाल तर बाजार सोडला आणि झाडीत शिरलं की डोंबिवलीचा मे विसरायला होतो, पण पॉइंटवर टोपी हवी. आणि आत्ता जूनमध्ये गेले ती खेप वेगळीच. पावसात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, शटल चालू. दहा फुटांपुढचं दिसत नव्हतं, पॉइंटवर जाऊन नुसता ढग बघितला, छत्री उलटली, पण वाटेवर माणूस नाही आणि सगळीकडून पाण्याचा आवाज. निसरडं मात्र फार आहे, शेवाळ धरलंय, आईला मी पावसात नेणार नाही. तिला तसं सांगितलंय.

तिनं मान्य केलंय, पण ऑक्टोबरात नेरळची गाडी सुरू झाली की पहिल्याच मंगळवारी जायचं असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. जाताना टॉयट्रेन, येताना रुळाच्या कडेनं दस्तुरीपर्यंत चालत. नवीन बूट आणलेत आणि रोज संध्याकाळी गच्चीत घालून फेऱ्या मारते.