मेट्रोजवळची जुनी सोसायटी: बिल्डरला द्यावी की आपणच बांधावी?

पुण्यात पौड रस्त्याच्या किंवा कर्वे रस्त्याच्या आसपास तुमची सोसायटी असेल, इमारतीला चाळीस वर्षं झाली असतील, लिफ्ट नसेल आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दवाखान्यापुरत्याच खाली उतरत असतील, तर पुनर्विकास करायचा का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तो करायचाच आहे. ठरवायचं आहे ते कोणी करायचा आणि किती मोठा. माझ्या मते ‘किती मोठा’ हे आधी ठरलं पाहिजे. बहुतेक सभांमध्ये नेमकं उलटं होतं.

६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि ‘चार एफएसआय’ हा शब्द घराघरांत पोचला. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं, तो आकडा. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत, म्हणजे टीओडी (मेट्रोच्या आधाराने दाट वस्तीला परवानगी असलेल्या) क्षेत्रात, चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो हे खरं आहे. पण त्यातला ‘पर्यंत’ फार महत्त्वाचा आहे. रस्ता किती रुंद आणि भूखंड किती मोठा, यावर तो आकडा ठरतो. आयडियल कॉलनी किंवा आनंदनगरच्या आतल्या गल्लीतल्या छोट्या प्लॉटला चार मिळत नाही. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआरसुद्धा (दुसऱ्या जागेवरचा, विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. म्हणून कोणाचाही प्रस्ताव उघडण्याआधी विकास आराखड्यातली रस्त्याची रुंदी आणि प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्रफळ तपासा.

एक ढोबळ हिशेब करू. प्लॉट १००० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०,७६० चौरस फूट. जुनं बांधकाम एक एफएसआयचं, सदस्य १६. एकूण दोन एफएसआय मिळाला तर २१,५०० चौरस फूट होतात. सदस्यांना ३० टक्के जागा वाढवून दिली तर १४,००० त्यांच्याकडे जातात आणि ७,५०० विक्रीला उरतात, म्हणजे जुन्या मापाचे अकरा फ्लॅट. सोळाची सत्तावीस कुटुंबं होतील. इतकी वाढ पेलता येते. आता शेजारच्या तीन सोसायट्यांसह एकत्र येऊन रुंद रस्त्यावर चार एफएसआय मिळवला, तर तुमच्या सोळा घरांच्या वाट्याला साठएक कुटुंबं येतात. सदस्यांना जागा जास्त मिळेल, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून एकरकमी निधी, मिळेल. पण उंच इमारतीबरोबर अग्निशमनाची टाकी, पंप, जादा लिफ्ट, जनरेटर, यांत्रिक पार्किंग आणि या सगळ्याचा दरमहा मेंटेनन्सही येतो. पेन्शनवर जगणाऱ्या सदस्याला तो झेपेल का, हे सभेत मोठ्याने विचारा.

तरीही दाट वस्तीला माझा विरोध नाही. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर जास्त लोक राहावेत, हेच शहराच्या हिताचं आहे, नाहीतर तीच माणसं शहराबाहेर घर घेऊन रोज दुचाकीवर आत येतात. पण पाणी आणि ड्रेनेजच्या वाहिन्या वाढल्या नाहीत तर ती दाटी टँकरवर जगेल.

बिल्डरला देण्यातला मोठा फायदा म्हणजे पैसा त्याचा असतो. प्रीमियम (जादा एफएसआयसाठी भरायचं शुल्क), टीडीआर, सदस्यांच्या तात्पुरत्या घरांचं भाडं हे सगळं इमारत उभी राहण्याआधी लागतं. टॉवर बांधायचा असेल तर ही रक्कम सोसायटीच्या आवाक्याबाहेरची असते, तिथे बिल्डरच हवा. धोका एकच, पण जीवघेणा: काम रखडतं, भाड्याचे चेक वटत नाहीत आणि जुनं घर तर पाडलेलं असतं. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने हे भोगलं आहे. काका नवीन घर न बघताच गेले. कागदावर संरक्षण आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात विशेष सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती, बिल्डरच्या निवडीसाठी एकूण सदस्यांपैकी ५१ टक्क्यांची संमती, सभेचं चित्रीकरण आणि प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी (बिल्डरने शब्द मोडला तर बँकेने पैसे देण्याची हमी) सांगितली आहे. ही गॅरंटी ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देणारी कमिटी सगळ्यांची घरं पणाला लावते. दहा चौरस फूट कमी मिळाले तरी चालतील, पण गॅरंटी सोडू नका.

स्वयंपुनर्विकासात, म्हणजे सोसायटीने स्वतःच बांधण्यात, बिल्डरचा नफा सदस्यांकडे राहतो. वरच्या उदाहरणातले ते ७,५०० चौरस फूट सोसायटी विकते आणि त्यातून खर्च भागवते. राज्य सरकारने २०१९ मध्ये अशा प्रकल्पांसाठी जादा एफएसआय आणि एक खिडकी योजनेचा निर्णय घेतला. कर्जासाठी मुंबईत मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने पुढाकार घेतला. मात्र विक्रीचे फ्लॅट आले की सोसायटी स्वतःच प्रवर्तक, म्हणजे कायद्याच्या नजरेत बिल्डर, होते: महारेराची (गृहप्रकल्पांवरच्या राज्य नियामकाची) नोंदणी, ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात, बांधकामातल्या दोषांची पाच वर्षं जबाबदारी. फ्लॅट विकले गेले नाहीत तर कर्जाचं व्याज सोळा घरांवर पडतं. शिवाय दोन-तीन वर्षं रोज साइटवर जाणारी, बिलं तपासणारी, एकमेकांवर विश्वास असलेली चार माणसं लागतात. पार्किंगच्या जागेवरून ज्यांचं पाच वर्षं बोलणं बंद आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

माझं मत असं: प्लॉट लहान, वाढ दोन-अडीच एफएसआयची, इमारत सात-आठ मजल्यांची, अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं आणि चार खमकी माणसं हाताशी असतील, तर स्वतः बांधा. रुंद रस्त्यावरचा मोठा किंवा एकत्र केलेला भूखंड असेल तर बिल्डर निवडा, पण व्यवहार्यता अहवाल आधी आपल्या पैशाने, आपण निवडलेल्या आर्किटेक्टकडून करून घ्या. अभिहस्तांतरण झालंच नसेल, तर आधी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मूळ मालक-बिल्डरने करून दिलं नाही तरी सरकारी आदेशाने ते मिळवण्याचा, अर्ज करा, बाकी चर्चा नंतर.

मुद्रांक शुल्काची भीती घालणारे भेटतील. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की पुनर्विकासात सदस्याला मिळणाऱ्या पर्यायी घराच्या करारावर वेगळं मुद्रांक शुल्क लागत नाही, विकत घेतलेल्या जादा जागेवर मात्र लागतं.

आणि करारात एक ओळ आग्रहाने घाला: ज्येष्ठ सदस्यांसाठी लिफ्ट असलेल्या किंवा तळमजल्यावरच्या घराचं भाडं, आणि सामान हलवण्याचा खर्च जाताना आणि परत येताना असा दोन्ही वेळचा.