टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल: पहारा चोख, पण उष्णतेकडे पाठ

नागपुरात सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टीपी४०५६ मॉड्यूल, म्हणजे लिथियम-आयन सेल चार्ज करणारा छोटा बोर्ड, मागितले, तर दोन प्रकारांपैकी कोणताही एक हातात पडू शकतो, आणि दिसायला दोन्ही इतके सारखे असतात की नवख्याला फरक कळत नाही. म्हणून बोर्डावर आउट-प्लस आणि आउट-मायनस असे दोन वेगळे पॅड छापलेले आहेत ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. ते असतील, तर चार्जिंगच्या चिपबरोबर डीडब्ल्यू०१ ही संरक्षक चिप आणि तिच्या इशाऱ्यावर जोडणी तोडणारा ८२०५ हा दुहेरी मॉस्फेटही (इलेक्ट्रॉनिक स्विच) बोर्डावर असतो. नसतील, तर सेलची सारी भिस्त एकट्या चार्जरवर राहते.

१८६५० या दंडगोल लिथियम-आयन सेलवर या संरक्षित मॉड्यूलचे काम उत्तम आहे. आधी स्थिर करंटने आणि मग व्होल्टेज ४.२ व्होल्टवर धरून चार्जिंग होते, आणि करंट ठरलेल्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर उतरला की ते थांबते व लाल दिवा विझून निळा लागतो. बिघाडामुळे व्होल्टेज ४.२५ ते ४.३ पर्यंत चढलेच, तर डीडब्ल्यू०१ जोडणी तोडते. हा दुसरा पहारा मला फार मोलाचा वाटतो, कारण अतिचार्ज झालेल्या सेलच्या ॲनोडवर लिथियम धातूच्या रूपात साचू लागते, कॅथोड अस्थिर होतो, आणि एकदा फुगलेला सेल पूर्ववत करता येत नाही.

माझी तक्रार आहे ती उष्णतेबद्दल. चिपला सेलचे तापमान जोखणारी पिन आहे. परंतु या मॉड्यूलवर ती थेट ग्राउंडला जोडलेली असल्याने ती सोय मुळातच बंद असते. लिथियम-आयन सेल सहसा ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे उत्पादक सांगतात, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा तिथवर पोहोचतोच. शिवाय ही चिप जादा व्होल्टेज उष्णतेत घालवते: पुरवठा ५ व्होल्ट, सेल ३.७ व्होल्ट आणि करंट १ अँपिअर असला, तर सुमारे १.३ वॅट उष्णता त्या इवल्याशा चिपवरच निघते. त्यामुळे सेल मॉड्यूलला चिकटवून बंद डबीत ठेवणे आपल्याकडच्या उन्हाळ्यात धोक्याचे आहे. करंट ठरवणारा, ‘१२२’ छापलेला बारीक रेझिस्टर काढून तिथे ‘२०२’चा, म्हणजे २ किलोओहमचा, बसवला की करंट ५८० मिलिअँपिअरच्या आसपास येतो, वेळ बराच जास्त लागतो, पण चिप आणि सेल दोन्ही कमी तापतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट या वेगळ्या प्रकारच्या लिथियम सेलला मात्र हे मॉड्यूल कदापि लावू नये. ते सेल ३.६५ व्होल्टलाच पूर्ण भरतात, तेव्हा ४.२५ च्या पुढे जागा होणारा पहारा त्यांच्या काहीच कामाचा नाही.