फ्लॅट विकायचाय तर आधी "घर सजवून देतो" म्हणणाऱ्या एजंटपासून सांभाळा

कोथरूडला आमच्या बाबांचा 1992 सालचा टू बीएचके आहे. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि फ्लॅट विकायचं ठरलं. ओळखीतून एक एजंट आला, बोलायला एकदम गोड, आईला "काकू काकू" करत होता. घर बघितल्या बघितल्या म्हणाला, असं दाखवलं तर कोणी पाच मिनिटं पण थांबणार नाही, आधी मेकओव्हर करा, माझा माणूस आहे, कलर, किचन ट्रॉल्या, लाइट्स आणि तीन महिने भाड्याचा सोफा-बेड मिळून 2,40,000 मध्ये करून देईल, वर किमान 8 लाख जास्त येतील, कस्टमर तर माझ्याकडे रेडीच आहे. आम्ही त्याच्या माणसाला 1,50,000 ॲडव्हान्स यूपीआयने दिले. कोटेशन व्हॉट्सॲपवर चार ओळींचं, बिल नाही, कंपनीचं नाव नाही. मी रोज ऑफिसला, आईला त्यातलं काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कस्टमर रेडी आहे ऐकल्यावर आम्ही पुढचं काही विचारलंच नाही.

सहा दिवसात काम "झालं". बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीला ओल होती, ते मी स्वतः एजंटच्या माणसाला दाखवलं होतं. त्याने काय केलं, तर पोपडे खरवडून ओल्या भिंतीवरच पुट्टी मारली आणि वर पीव्हीसी पॅनेल ठोकून दिले. बाकी घरात प्लास्टिक पेंट म्हणून साधा डिस्टेंपर लावला. हे आम्हाला नंतर कळलं, ओलं फडकं फिरवलं तर सगळा रंग फडक्यावर आला. सोफा-बेड आलाच नाही, "उद्या टेंपो येतो" असं महिनाभर चाललं. ट्रॉल्या पण नाहीत.

आणि ते रेडी कस्टमर! चार जण घर बघून गेले, सगळे "छान आहे, कळवतो". शेवटी आमच्या वॉचमन काकांनीच सांगितलं, ताई, यातले दोघं मागच्या सोसायटीत पण याच एजंटबरोबर फ्लॅट बघायला येतात, तिथे पण रंगकाम चालू आहे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घर विकायचंच नव्हतं त्याला, रंगवायचं होतं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. जूनमध्ये आम्ही स्वतः टाकलेली जाहिरात बघून सांगलीचं एक कुटुंब आलं, मुलगा-सून आणि वडील. घर आवडलं, टोकनची गोष्ट सुरू झाली, तेवढ्यात वडिलांनी बेडरूममध्ये वास घेतला आणि पॅनेलच्या कडेला हात घातला. हात ओला. ते चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "जुन्या घरात ओल असते हो, सांगितलं असतं तर चाललं असतं." आई तिथेच रडायला लागली. तीस वर्षांत त्या घरातून कोणी फसवलं गेलं नव्हतं आणि आज त्यांच्या नजरेत फसवणारे आम्हीच.

मग पॅनेल काढले, आतून सगळा लोणा (ओलीमुळे भिंतीवर येणारा पांढरा खार) फुटलेला. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचा पाइप लीक होता, प्लंबरने 9,000 मध्ये जॉइंट बदलला. भिंत सुकायला वेळ द्या, घाई करू नका असं त्याने बजावलं. त्यानेच शिकवलं, भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवायचं, प्लास्टिकच्या आत भिंतीकडून पाणी दिसलं तर रंगाला हात पण लावायचा नाही. संपूर्ण घराच्या रंगाचं दुसऱ्या पेंटरचं कोटेशन 58,000 आलं, मालासकट.

एजंटचा फोन आता बंद. मला वाटायचं महारेरात (बिल्डर-एजंटवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) तक्रार करू, पण रेरा कायदा नोंदणी झालेल्या प्रोजेक्टसाठी आहे, आमच्यासारख्या जुन्या रिसेल फ्लॅटच्या एजंटला तो सहसा लागत नाही असं वकील म्हणाले. पोलिसात अर्ज दिलाय, आणि जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करतोय, तिथे 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षं आहे. वकिलांनी पहिलं बिलच मागितलं. आमच्याकडे यूपीआयची एन्ट्री आणि व्हॉट्सॲपच्या चार ओळी आहेत, म्हणून सांगते, एजंटचा माणूस असेल तर काम देऊच नका, आणि कोणालाही दिलंत तरी रंगाचं नाव, किती हात, कोणत्या तारखेला काय, सगळं सहीसकट लिहून घ्या, पैसे कामाच्या टप्प्याने द्या.

सध्या बेडरूमची ती भिंत तशीच उघडी ठेवून घर दाखवतोय, प्लंबरचं बिल शेजारीच टेबलावर ठेवलेलं असतं. सांगलीच्या काकांनाही फोन करून सगळं सांगितलं, भिंत सुकली की परत बघायला येतो म्हणालेत.