पीएलएमध्ये केळीचा धागा घालावा की काथ्या?

पीएलएच्या (मका-उसासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकच्या) दोन शीटमध्ये धाग्यांचा थर ठेवून हॉट प्रेसवर, म्हणजे तापवून दाबणाऱ्या यंत्रावर, ट्रे किंवा पॅनेल काढायची असतील, तर आपल्याकडे गाडी शेवटी दोनच धाग्यांवर येते: खानदेशातली केळी आणि कोकणातला काथ्या.

आकडे बघितले तर केळीच पुढे. तिच्यात सेल्युलोज, म्हणजे धाग्याला ताकद देणारा घटक, ६० टक्क्यांच्या आसपास, काथ्यात बरंच कमी. ताण सोसायची ताकदही केळीची कितीतरी जास्त. रावेर-यावलकडे घड उतरला की ज्यातून धागा निघतो तो खांब शेतातच पडून राहतो, म्हणजे मालाची ददात नाही. शिवाय रूप! पीएलएखालून तो धागा असा चमकतो की गिऱ्हाईक आधी त्याच ट्रेला हात घालतं.

पण माझी शेड कोकणात आहे. जुलैत केळीचा गठ्ठा सोडला की कुबट वास येतो. खांबाचा चीक नीट धुतलेला नसला तर धागे एकमेकांना चिकटून वाळतात, आणि बुरशी पहिली तिथेच धरते. ओव्हनमध्ये वाळवला तरी प्रेसवर मांडून होईस्तोवर पुन्हा दमट. १७५-१८० अंशांवर प्रेस दाबली की त्या ओलीची वाफ होऊन शीटला फोड येतात. शिवाय वितळलेल्या पीएलएच्या रेणूंच्या साखळ्या पाण्याने तुटतात, मग शीट पापडासारखी मोडते. तापमान वाढवूनही उपयोग नाही. २०० च्या पुढे धागाच करपतो. या एका कटकटीने मला काथ्याकडे वळवलं.

काथ्या ओल धरत नाही असं नाही. पण लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा घटक, ४० टक्क्यांच्या घरात असल्यामुळे सहजी कुजत नाही. पावसाळाभर गोणीत पडून असतो; लागेल तेव्हा वाळवायचा आणि लगेच मांडायचा. त्याची खोड वेगळी. राठ असल्याने पीएलएला नीट धरत नाही, कापलेल्या कडेतून कुसं बाहेर येतात. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात भिजवून स्वच्छ धुतला की पकड सुधारते, कडा मात्र घासाव्याच लागतात. ताकद कमी खरी, पण तुटण्याआधी चांगला ताणला जातो. ट्रे हातून निसटला तर माझ्या अनुभवात काथ्याचाच जास्त वेळा वाचतो.

भार पेलणारं काही करायचं असेल, किंवा शेड जळगावच्या उन्हात असेल, तर केळी घ्या. मी वाद घालणार नाही. कोकणात असाल तर निदान पहिला पावसाळा काथ्यावर काढून बघा. गरम पातेली ठेवायच्या ट्रेची ऑर्डर मात्र दोन्हींत घेऊ नका, ६० अंशांच्या आसपास साधं पीएलए मऊ पडतं.